ड्रोमो मागे सरत नाही

समुद्राकाठच्या बुकोम वस्तीत मुष्टियुद्धातलं काही कळत नाही असा माणूस शोधायला निघालात, तर आईच्या पाठीवर बांधलेल्या तान्ह्या पोरांपलीकडे कोणी सापडायचं नाही. मक्याच्या पिठाचे केंके आणि मासे विकणारी बाई मासा उलटता उलटता सांगते की कालच्या लढतीत त्याचा डावा हात सारखा खाली पडत होता. शिंपी माप घेताना खांदा चाचपतो आणि म्हणतो, "हा काय ठोसा मारणार!" त्यामुळे ड्रोमो शोर्मे नावाच्या पोरीकडून लढत हरून परत आली तेव्हा वाटेत जितकी दारं लागली तितके गुरू भेटले.

"अजून पळायला हवं होतंस."

"गोल गोल फिरायचं गं, गोल गोल!"

"तिच्या हाताला सापडायचंच कशाला मुळात?"

ड्रोमोचा एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्याने ती एकेकाकडे बघत गेली. पळाली तर होतीच ती. आठही फेऱ्या पळाली होती. तिच्या तेव्हाच्या शिक्षकाने कोपऱ्यातून घसा बसेपर्यंत "मागे! मागे! फिर!" असा धोशा लावला होता आणि ती मागे जात राहिली होती, आणि शोर्मे तिच्या मागोमाग येऊन मारत राहिली होती.

पळणं हे ड्रोमोचं काम नव्हतंच. लहानपणी होडी वाळूवर ओढत असताना खालचा ओंडका निसटून तिच्या उजव्या पायावर आला, आणि घोटा जुळला तो वाकडाच. चालताना कोणाच्या लक्षात येत नसे, पण पायात उडी राहिली नाही. बाकी अंग मात्र दणकट. आईच्या धुरीच्या भट्ट्यांवर माशांच्या टोपल्या चढवून आणि उतरवून खांदे भरले होते. एकोणीस वर्षांची असताना किनाऱ्यावर एका हमालाने तिच्या डोक्यावरची परात ओढायचा चावटपणा केला. ड्रोमोने परात एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताने त्याला एकच लगावली. तो वाळूत बसला तो बसलाच. बघणाऱ्यांतल्या कोणीतरी हसत हसत तिला तालमीत नेलं, आणि तेव्हापासून ती तिथलीच झाली.

आता ती तेहतीस वर्षांची होती. शोर्मे बावीसची. शोर्मेला सगळे 'शिलाई मशीन' म्हणत, कारण एकदा सुरू झाली की तिचे ठोसे मोजता येत नसत. त्यातला एखादाच जोराचा असे; पण ते येतच राहत, येतच राहत, आणि समोरची बाई हात वर धरून उभी राही, आणि गुण देणाऱ्यांच्या डोळ्यांना दुसरं काही दिसतच नसे.

हरून काही आठवडे झाल्यावर ड्रोमो एका दुपारी वेण्या घालून घ्यायला बसली होती. वेणीवालीच्या टपरीत रेडिओ चालू होता आणि त्यावर शोर्मेच्या तालमीचा मालक न्यी आर्डे बोलत होता. त्याला कोणीतरी ड्रोमोबद्दल विचारलं.

"ड्रोमो ना? भली बाई आहे," न्यी आर्डे म्हणाला. "आमच्याकडे छताला वाळूची पोती टांगलेली असतात, तशीच ती. फरक इतकाच, की पोतं बिचारं पळत नाही."

टपरीतल्या बायकांना हसू आवरेना. वेणीवालीने तर हातातले केस सोडून तोंड दाबलं. ड्रोमो उठली.

"अगं, बस! अर्धंच डोकं झालंय!"

"राहू दे अर्धं," ड्रोमो म्हणाली, आणि अर्ध्या डोक्याच्या वेण्या आणि अर्ध्या डोक्याचा झाडू घेऊन भर उन्हात तरातरा चालत न्यी आर्डेच्या तालमीत गेली. त्याला रेडिओवरून परत यायला वेळ लागला. ती दारातच बसून राहिली. येणारे जाणारे तिच्या डोक्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

न्यी आर्डे गाडीतून उतरला. "हे काय? तुझ्या डोक्यावर कोणी हल्ला केला?"

"न्यी, मला शोर्मेशी परत लढायचंय."

"तुझं वय काय गं आता?"

"वय कशाला विचारता? लग्न ठरवताय का माझं?"

तालमीतली मंडळी फिस्सकन हसली. न्यी आर्डेलाही हसावं लागलं. त्याच्या डोक्यात हिशेब चाललाच होता. शोर्मे पुढे परदेशी लढायला जाणार होती, आणि त्याआधी एक सोपी लढत तिला हवीच होती. आठ फेऱ्यांची, तिचा किताब पणाला लावून. लोकांनाही बघायला बरं.

"होमोवोचा सण होऊ दे," तो म्हणाला. "मग घेऊ. पण या वेळी जरा उभी राहा बाई. लोक लढत बघायला येतात, शर्यत नाही."

"मी उभी राहीन," ड्रोमो म्हणाली. "तुमची पोरगी उभी राहील का ते बघा."

रागाच्या भरात बोलून गेली खरी. उभी राहून करणार काय, हे मात्र तिलाही माहीत नव्हतं.

अता क्वाते किनाऱ्यावर जाळी विणत बसलेला असे. एकेकाळी मोठा लढवय्या, मग मोठा शिक्षक. पण बुकोममधल्या एकूण एक तालमीशी त्याचं भांडण झालेलं. जिभेला हाड नव्हतं आणि स्वतःच्या बढाईला अंत नव्हता. आता त्याच्याकडे कोणी शिकायला जात नसे, आणि गेलंच तर तो हाकलून देई.

"अता, मला शिकवा."

"का? बाकीचे सगळे मेले?"

"ते सगळे पळ म्हणतात."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"मला पळायचं नाही."

म्हाताऱ्याने जाळं मांडीवरून खाली सारलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मागच्या खेपेला मी आलो होतो बघायला. तू मागे पाऊल टाकलंस की तिला काय मिळत होतं?"

"जागा."

"आणि?"

"वेळ?"

"दम, पोरी, दम! तू मागे गेलीस की तिचा हात सरळ लांब होतो, पाय रोवले जातात, एक श्वास भरून घेते आणि परत सुरू. सगळे तिला मशीन म्हणतात. पण त्या मशीनचं पायडल कोण मारत होतं? तू!"

चिडावं की हसावं हे ड्रोमोला कळेना.

"मग काय करू?"

"मधे थांबायचं नाही. तिची मूठ जिथे संपते ना, ती जागा मसणाची. एक तर इतकं लांब राहायचं की मूठ वाऱ्याला लागली पाहिजे. नाहीतर इतकं जवळ की तिचं कोपर तिलाच आडवं येईल. लांब राहायला तुला घोटा नाही. उरलं काय?"

"आत जायचं."

"आत जायचं. तिने पहिला ठोसा काढायला खांदा हलवला की त्याच वेळी. कपाळ तिच्या खांद्याला टेकव, कोपरं बरगड्यांना चिकटव. आणि आत गेलीस की डाव्या पायावर अर्धी वळ आणि तिलाही वळव. वाकडा पाय नुसता टेकवायला. ज्याला भरमसाट मारायचंय त्याला आधी पाय रोवावे लागतात. तिला रोवू देऊ नकोस."

"आणि मी मारायचं कधी?"

"तिच्या पहिल्या ठोशाच्या आधी, नाहीतर शेवटच्याच्या नंतर. मधे तोंड घालायचं नाही. आणि तिच्याइतके ठोसे मारायला जाशील तर खड्ड्यात जाशील. तू थोडे मार, पण असे मार की मागच्या रांगेतल्याला ऐकू आले पाहिजेत. डोकं मिळालं नाही तर दंडावर मार, खांद्यावर मार, बरगडीवर मार. बायकांची फेरी दोन मिनिटांची. तीन मिनिटांची असती तर ती आपली आपण दमली असती. इथे दमवायचं काम तुझं."

मग तो एवढं बोलून थांबेल तर तो अता क्वाते कसला! पुढे म्हणाला, "आणि आत गेलीस की तिचे हात बगलेत दाबून धर. पंच सोडवेल. परत जा, परत धर. तिचा ताल मोडायचा."

"पंच गुण कापेल, अता."

"अगं हट! उभा जन्म गेलाय माझा त्या कोपऱ्यात. असं कोणी कापत नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला तालमीत नेलंच नाही. दुरुस्तीला काढलेली एक मोठी होडी वाळूवर पडलेली होती. तिच्या कुशीवर लाल अक्षरांत 'बघणारे बघू देत' असं रंगवलेलं. म्हाताऱ्याने ड्रोमोला त्या होडीत उभं केलं आणि समोर ओडोईला. ओडोई मासेमार, वजनाने तिच्याएवढाच, हाताने चपळ.

"मार हिला," अता क्वाते म्हणाला. "थांबू नकोस."

होडीत मागे जायला जागा कुठली? ड्रोमोने सवयीने पाऊल मागे टाकलं, पोटऱ्या आडव्या फळीला लागल्या आणि ती धपकन त्या फळीवर बसली.

"बसलीस? केंके मागवू का?"

किनाऱ्यावरच्या मासेवाल्या बायकांना तर आयतीच करमणूक झाली. त्या टोपल्या खाली ठेवून होडीभोवती गोळा होत. "काय गं ड्रोमो, होडी बुडाली तर पोहता येतं ना?" "अगं, ओडोई बायकोवरचा राग काढतोय!" ड्रोमो उठे, परत हात वर धरी, परत मार खाई. मागे जायची सोयच नव्हती, आणि ती पुढे जायला शिकली ती काही शहाणपणाने नव्हे, नाइलाजाने शिकली. एकदा ओडोईचा खांदा हलताच ती आत घुसली आणि तिच्या कपाळाचा त्याच्या गळ्याशी टप्पकन आवाज झाला. त्याचे ठोसे तिच्या पाठीमागच्या हवेत गेले. ओडोई गडबडला. ड्रोमोने एक त्याच्या बरगडीत दिला.

"आई गं!" ओडोई म्हणाला. "अता, हिला सांगा, मला उद्या समुद्रावर जायचंय."

तो होमोवोच्या आधीचा ढोलबंदीचा काळ होता. गाव चिडीचूप. ना ढोल, ना गाणी, ना कर्णे. त्या शांततेत ड्रोमोला एक गोष्ट कळायला लागली. कान ओडोईच्या खांद्याशी असला की त्याचा श्वास ऐकू येई. ठोशांच्या रपाट्यात तो श्वास धरून ठेवी, आणि रपाटा संपला की 'हा' करून सोडी. त्या 'हा'च्या वेळी त्याचे हात ओले फडके वाळत घातल्यासारखे लोंबत. ड्रोमो त्या वेळेची वाट बघायला लागली.

घरच्यांना हे सगळं पसंत नव्हतं. एका संध्याकाळी अता क्वाते ड्रोमोच्या आईला भेटायला भट्ट्यांपाशी आला, तर ड्रोमोची मोठी बहीण लामिले कमरेवर हात ठेवून उभीच होती. लामिलेचं तोंड म्हणजे बंदरावर नावाजलेलं. भल्याभल्या मासेमारांनी तिच्याशी भाव करणं सोडलं होतं.

"आलात? या! एक डोळा सुजवून झाला, आता दुसरा सुजवायला आलात? स्वतःचं नाक बघा, कुठल्या दिशेला चाललंय! होडीत उभी करून बडवता माझ्या बहिणीला, सगळा किनारा हसतो, मला विचारतात, तुझी बहीण होडीत काय करते, मी काय सांगू, नाचते म्हणून सांगू? तेहतीस वर्षांची घोडी झाली, मूल नाही, नवरा होता तो पळाला—"

"लामिले! वडीलधारे आहेत ते, 'अता' म्हण त्यांना," आई भट्टीआडून ओरडली. पण लामिले थांबायला तयार नव्हती. अता क्वाते मधे दोनदा "अगं पण" म्हणाला आणि दोन्ही वेळा आडवा झाला.

ड्रोमो शांतपणे मासे उलटत होती. लामिले श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात ड्रोमो म्हणाली, "लामिले, तुझ्याकडचे मासे करपतायत."

लामिले गर्रकन वळली आणि आपल्या भट्टीकडे धावली.

म्हातारा टाळ्या पिटायला लागला. "हेच! अगं हेच! ही कला तुला येते आणि मी तुला महिनाभर काय शिकवतोय?"

"तेहतीस वर्षांचा सराव आहे, अता," ड्रोमो म्हणाली.

होमोवो झाला. ढोल परत सुरू झाले, देवाला आणि पितरांना अन्न शिंपडून झालं, आणि त्यानंतरच्या रविवारी लढत लागली. बुकोममधले निम्मे लोक ढोल घेऊनच आले. 'कधीच येणार नाही' म्हणणारी लामिले पहिल्या रांगेत बसली होती आणि घंटा वाजायच्या आधीच शोर्मेच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळी झाली होती.

पहिल्या घंटेला शोर्मे आली ती पावसाच्या सरीसारखी. ड्रोमोने दोन कानावर घेतले, एक कपाळावर, आणि चौथा यायच्या आत ती आत होती. शोर्मेचे हात बगलेत दाबून धरले. पंचाने सोडवलं. परत सर, परत आत, परत मिठी. लोक शिट्ट्या वाजवायला लागले. "अगं, लग्न लावायचंय का तिच्याशी?" कोणीतरी ओरडलं. पंचाने पहिल्या फेरीत समज दिली, दुसऱ्यात दिली, आणि तिसऱ्या फेरीत लढत थांबवून ड्रोमोचा हात धरला आणि गुण देणाऱ्या तिघांकडे वळून एक बोट वर केलं. गुण कापला.

कोपऱ्यात अता क्वाते तिच्या तोंडात पाणी ओतत म्हणाला, "धरत राहा. एकदा कापला, परत नाही कापत."

"पहिल्यांदाही नाही कापत म्हणाला होतात."

"मी सांगतो ते ऐक!"

"नाही ऐकत," ड्रोमो म्हणाली. "मी आत जाईन. पण हात धरायला नाही, मारायला. माझे दोन्ही हात मोकळे हवेत मला."

"मार खाशील!"

"खाईन."

चौथ्या फेरीपासून ती आत गेली आणि आतच राहिली. कपाळ शोर्मेच्या खांद्यावर, कोपरं अंगाशी, आणि मुठी वीतभर जागेत कामाला लागलेल्या: बरगडी, दंड, परत बरगडी. दिसायला त्यात काही नव्हतं. मागच्या रांगेतल्यांना वाटलं, दोघी एकमेकींना टेकून विश्रांती घेतायत. शोर्मेला ते तसं वाटत नव्हतं. ती मागे सरून जागा करायला बघे, तर ड्रोमो तिच्यासोबत पुढे. बाजूला सरायला बघे, तर ड्रोमो डाव्या पायावर वळून परत समोर. शोर्मेचे पाय काही रोवले जाईनात. ठोसे अजून येत होते, पण आता ते दंडांवर येत होते, पाठीवर येत होते, कानाच्या मागे कुठेतरी येत होते.

पाचव्या फेरीत ड्रोमोला कानाशी तो श्वास ऐकू आला. सगळं सभागृह ढोलांनी दणाणत होतं, लामिले किंचाळत होती, आणि त्या गोंगाटात खांद्यापाशी अगदी जवळून: धरलेला, धरलेला, धरलेला, आणि मग 'हा'.

तिने घाई केली नाही. सहाव्या फेरीत एकदा खात्री करून घेतली. त्या 'हा'वर एक छोटा ठोसा छातीवर देऊन बघितला. शोर्मेचे हात वर यायला उशीर झाला. सातव्यात शोर्मेने जीव लावून मोठी सर आणली. ड्रोमोने ती सगळी कोपरांवर झेलली. एक ओठावर बसला, तोंडात रक्ताची चव आली. आणि सर संपली. शोर्मेने श्वास सोडला. ड्रोमोचा उजवा हात खालून वर गेला आणि बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मऊ जागी बसला.

तो ठोसा मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

शोर्मे लगेच पडली नाही. तिने ड्रोमोकडे अगदी आश्चर्याने बघितलं, आणि मग गुडघे दुमडून खाली बसली. बुकोमचे लोक बाकांवर चढले. पंच आकडे मोजत होता आणि लामिले त्याच्या दुप्पट वेगाने मोजत होती. पण शोर्मेही काही लेचीपेची नव्हती. नवाला उठली. डोळे पाण्याने भरलेले, पण हात वर.

"आता शेवटची फेरी," अता क्वाते कोपऱ्यात कुजबुजला. "आत जा, तशीच आत राहा. काही वेगळं करू नकोस. जिंकलीस तू."

ड्रोमोने मान डोलावली. आणि आठव्या फेरीत तिने नेमकं वेगळं केलं. समोरून शोर्मे दातओठ खात आली, आणि लोक दोघींचीही नावं घेऊन ओरडायला लागले, आणि ड्रोमोच्या मनात न्यी आर्डेचा रेडिओवरचा आवाज वाजायला लागला. मी पोतं? बघ मग. ती मधल्या जागेत, त्या मसणात, पाय फाकवून उभी राहिली आणि ठोशाला ठोसा द्यायला लागली. दोन मिनिटं कोणी बाकावर टेकलं नाही. शोर्मेने तिची भुवई फोडली. ड्रोमोने शोर्मेचं नाक फोडलं. पण मोजणीत मशीनच पुढे होतं. घंटा वाजली तेव्हा ड्रोमोचा चेहरा रक्ताने माखला होता आणि ती हसत होती.

निकाल आला: बरोबरी. किताब शोर्मेकडेच राहिला.

लोकांनी पाण्याच्या पिशव्या रिंगणात फेकल्या, आरडाओरडा केला. कपडे बदलायच्या खोलीत अता क्वाते तिच्या भुवईवर कापूस दाबत चरफडत होता. "आठवी फेरी घालवलीस! हातात होती ती! कशाला उभी राहिलीस तिथे?"

"आणि तिसऱ्या फेरीतला गुण कोणी घालवला?"

म्हाताऱ्याने दुसरा कापूस शोधायला पिशवीत डोकं घातलं.

"मला उभं राहून दाखवायचं होतं, अता," ती म्हणाली. "चुकलं असेल. पण परत वेळ आली तर परत उभी राहीन."

"गाढव आहेस," तो म्हणाला, आणि कापूस जरा हळू दाबायला लागला.

पुढचा मंगळवार आला. मंगळवारी होड्या समुद्रावर न्यायच्या नाहीत अशी तिथली रीत, म्हणून सगळी माणसं घरीच होती. न्यी आर्डे गाडी घेऊन भट्ट्यांपाशी आला. बरोबर शोर्मे. तिने एक हात बरगडीवर धरला होता. लामिलेला तोंड उघडायची संधी न देता न्यी आर्डे बोलायला लागला.

"ड्रोमो, छान लढलीस. खोटं बोलणार नाही. आता असं कर, माझ्या तालमीत ये. शोर्मेला परदेशी जायचंय. तिच्याबरोबर रोज सरावाला उभी राहा. तुला काही कमी पडू देणार नाही."

"म्हणजे पोतं म्हणून," ड्रोमो म्हणाली.

"अगं, तसं नाही—"

"न्यी, तुम्ही मला पोतं म्हणालात ते रेडिओवर, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. आता मीही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते." आजूबाजूच्या घरांतली माणसं आधीच दारात आली होती. "मी तुमच्याकडे सरावाला येणार नाही. मला तिसरी लढत हवीय. दहा फेऱ्यांची. तुमच्या सभागृहात पंख्याखाली नाही, इथे, बुकोमच्या चौकात, उघड्यावर."

न्यी आर्डे हसला. "चौकात किताबाची लढत? आणि शोर्मेने का यावं? तिला काय गरज?"

"मी येईन," शोर्मे म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तू गप्प बस," न्यी आर्डे म्हणाला.

"नाही बसत, न्यी. बरोबरी झाली म्हणून घरी माझे भाऊ मला हसतात. परदेशी नंतर जाऊ. आधी हिच्याशी लढीन. चौकात."

"तुला काही कळतं का, काय बोलतेयस?"

"मला कळतं. बरगडी माझी दुखतेय, तुमची नाही."

दारादारांतून हशा पिकला. न्यी आर्डेने दोघींकडे आळीपाळीने बघितलं, आणि "बघू, बघू" करत गाडीकडे निघाला. "चल," तो शोर्मेला म्हणाला. शोर्मे हलली नाही. गाडी थोडा वेळ घुरघुरत उभी राहिली आणि मग एकटीच निघून गेली.

ड्रोमोच्या आईने पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हीच का ती? इतकुशी? हिने माझ्या लेकीची भुवई फोडली?"

"हो, आवो," शोर्मे तिला आईच्या नात्याने हाक मारत, खाली बघत म्हणाली.

"बस," आई म्हणाली आणि मक्याच्या पिठाचं बांकू आणि मासा आणायला आत गेली.

दोघी एकाच ताटाला बसल्या. शोर्मेला वाकून घास घेता येत नव्हता, आणि ड्रोमोला चावता येत नव्हतं. मग शोर्मेने हळूच विचारलं, "तू सारखी आत कशी यायचीस? मला कळलंच नाही."

"सांगणार नाही."

"मी शोधून काढीन."

"काढ," ड्रोमो म्हणाली आणि माशाचा मोठा तुकडा मोडून तिच्या बाजूला सरकवला. "आणि पोटभर खा. नंतर म्हणशील, दहा फेऱ्यांना दम पुरला नाही."